सर्व्हर रात्री स्वतःच अपडेट होतो, तेव्हा ‘हो’ कोण म्हणतं?

सकाळचे सात चौतीस. दूध संकलन केंद्रावरच्या पोराचा फोन. “दादा, काटा चालतोय, फॅट पण लागतंय, पर स्लिप निघंना. सर्व्हर नाही म्हणतंय.” मागे किटल्यांचा खणखणाट, आणि रांगेतल्या कुणा मावशींचा आवाज: “वहीत लिही रं बाबा, घरी कामं पडल्यात.” पुढची चाळीस मिनिटं त्यानं वहीतच लिहिलं.

चूक सर्वस्वी माझी होती. आदल्या आठवड्यात मी त्या सर्व्हरवर आपोआप अपडेट चालू केले होते आणि गरज पडलीच तर रात्री दोनला रीस्टार्ट हो, असं सांगून ठेवलं होतं. सर्व्हरने ऐकलं. फक्त त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर होतं. त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात.

त्या सकाळनंतर मी ही सगळी मांडणी पहिल्यापासून पुन्हा केली, ती इथे देतोय. उदाहरण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांचं आहे, कारण माझ्याकडचे बहुतेक सर्व्हर त्यावरच चालतात. एक सूचना आधीच: कमांड आणि फाइलींची नावं इथे आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

आपोआप हवंच कशाला

‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधे जवळजवळ दोन महिने होते, आणि तरी जगभरातली यंत्रं ‘नंतर करू’ म्हणत बसली होती. माणसाच्या हातात ठेवलेलं अपडेट असं राहून जातं. पाच-सात सर्व्हर सांभाळणाऱ्या एकट्या माणसाच्या हातून तर हमखास.

पण लगेच पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, उलटी बाजू दिसली. ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक व्हायरस पसरला तो युक्रेनमधल्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट सर्व्हरच ताब्यात घेतला होता. मर्स्कसारखी जहाज कंपनी त्यात आडवी झाली आणि आपल्या न्हावा-शेवा इथलं, त्याच समूहाकडे असलेलं टर्मिनलही अडकलं. म्हणजे अपडेट न केल्यानेही माणूस मरतो आणि डोळे मिटून केल्यानेही. पुढची सगळी खटपट या दोन्हींच्या मधली वाट काढण्यासाठी आहे.

प्रश्न विचारणारे चौघे

बहुतेकांचा समज असा असतो की एपीटी-गेटला (पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आणून बसवणाऱ्या एपीटीची कमांड) ‘-वाय’ लावलं की काम झालं. मग कधीतरी स्क्रिप्ट मध्येच अडकून पडते आणि लोक इंटरनेटवरून मिळेल तो पर्याय उचलून चिकटवतात. गडबड अशी आहे की अपडेट चालू असताना प्रश्न विचारणारा एकजण नसतो. चौघे असतात आणि प्रत्येकाची भाषा वेगळी.

पहिला एपीटी स्वतः. ‘इतकी पॅकेज बसतील, इतकी निघतील, पुढे जाऊ का?’ हा त्याचा प्रश्न. ‘-वाय’ उत्तर देतं ते फक्त यालाच.

दुसरा डेबकॉन्फ. निळ्या-जांभळ्या पडद्यावर चौकट येते आणि ‘मेल सर्व्हर कुठल्या प्रकारचा?’ वगैरे विचारते, तो हा. याला गप्प करायचं तर डेबियन_फ्रंटएंड या व्हेरिएबलची किंमत नॉनइंटरॲक्टिव्ह ठेवायची. इथे एक जुना खड्डा आहे. व्हेरिएबल सुडोच्या (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा) आधी लिहिलं तर सुडो ते गाळून टाकतो, कारण तो स्वच्छ वातावरणात कमांड चालवतो. म्हणून आधी सुडो, मग व्हेरिएबल, मग एपीटी-गेट हाच क्रम. मी स्वतः हे दोनदा चुकलोय. दुसऱ्यांदा चुकलो तेव्हा पहिल्यांदाचं आठवतही नव्हतं.

तिसरा डीपीकेजी, एपीटीच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा. हा खरा खोडकर. एखादी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्ये तीच फाइल वेगळी आली असेल, तर तो विचारतो: नवी ठेवू की तुमची? डेबकॉन्फला गप्प केलं तरी हा गप्प बसत नाही, दोघांचा संबंधच नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून तो ‘कॉन्फफाइल प्रॉम्प्टवर एंड ऑफ फाइल’ अशी चूक दाखवून पॅकेज अर्धवट सोडतो.

चौथा नीडरीस्टार्ट. उबुंटू २२.०४ पासून हा अनेकांच्या डोक्यात गेला. लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड) बदलली, पण जुनी लायब्ररी पोटात घेऊन चालणाऱ्या सेवा तशाच आहेत, त्यातल्या कुठल्या रीस्टार्ट करू? प्रश्न अगदी रास्त, पण स्क्रिप्टच्या मधोमध यादी उघडून बसतो. नीडरीस्टार्ट_मोड हे व्हेरिएबल ‘ए’ ठेवलं तर तो न विचारता रीस्टार्ट करतो, ‘एल’ ठेवलं तर नुसती यादी देतो.

‘-वाय’चा चांगुलपणा

‘-वाय’ म्हणजे सरसकट होकार नव्हे. त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की नको ती परिस्थिती आली तर तो थांबतो. ‘बदलू नकोस’ म्हणून होल्डवर ठेवलेलं पॅकेज बदलायची वेळ आली, सही न जुळणारं पॅकेज बसवायची वेळ आली, किंवा सिस्टिमला अत्यावश्यक पॅकेज काढायची वेळ आली, की काम रद्द. म्हणजे नोकराला ‘रोजचं सामान घेऊन ये, विचारू नकोस’ सांगितलं तरी घराचा दरवाजा विकायची वेळ आली तर तो परत येऊन विचारतोच.

ही अक्कल काढून घेणारा एक पर्याय पूर्वी होता, --फोर्स-येस. त्याने सगळेच ब्रेक एकदम निघायचे. एपीटीच्या १.१ आवृत्तीपासून तो मोडीत काढला आणि त्याचे चार तुकडे केले: सही नसलेलं चालेल, खालच्या आवृत्तीवर जाणं चालेल, अत्यावश्यक पॅकेज काढणं चालेल, होल्ड मोडणं चालेल. प्रत्येकासाठी वेगळा ‘--अलाउ’वाला पर्याय. जुन्या स्क्रिप्टमध्ये फोर्स-येस दिसलं तर त्याच्या जागी हे चारही टाकून मोकळं होऊ नका. स्क्रिप्ट नेमकी कशावर थांबते ते बघा. नव्वद टक्के वेळा चारपैकी एकाचीही गरज नसते, कुठल्यातरी रिपॉझिटरीची (पॅकेज जिथून येतात ते भांडार) सही तपासायची किल्ली शिळी झालेली असते एवढंच.

माणूस समोर असला म्हणजे सुरक्षित, असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूब चॅनेलच्या यजमानाने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्राम बसवायला घेतलं. पॅकेजिंगच्या गोंधळामुळे एपीटी अख्खा डेस्कटॉपच काढायला निघाला. त्याने धोक्याची सूचना दिली आणि ‘होय, मी सांगतो तसं कर’ या अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं. गड्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. इतकं मोठं वाक्य हाताने लिहूनही माणूस वाचत नाही. मग यंत्राने आपल्या वतीने ‘हो’ म्हणावं की नाही यापेक्षा, ते कुठे थांबतं हे ठरवणं जास्त कामाचं.

आणि ‘येस’ ही छोटी युनिक्स कमांड, जी अखंड ‘वाय, वाय, वाय’ छापत राहते, ती पाइपने एपीटी-गेटला जोडण्याची युक्ती अजूनही फिरते. करू नका. डीपीकेजीच्या कॉन्फिगच्या प्रश्नाला ‘वाय’ म्हणजे ‘कंपनीची नवी फाइल घे’. तुम्ही तासभर बसून लिहिलेली एसएसएचची किंवा डेटाबेसची कॉन्फिग एका फटक्यात बाजूला. पासवर्डने लॉगिन बंद केलेलं असेल तर नवी फाइल ते पुन्हा चालू करू शकते.

कॉन्फिगच्या प्रश्नाला काय सांगायचं

हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये मी डीपीकेजीला दोन पर्याय एकत्र देतो: --फोर्स-कॉन्फडेफ आणि --फोर्स-कॉन्फओल्ड. पहिला म्हणतो, जिथे तुझं ठरलेलं उत्तर आहे तिथे ते घे. दुसरा म्हणतो, जिथे ठरलेलं नाही तिथे माझी जुनी फाइल ठेव. दोन्ही लागतात. नुसता पहिला दिला तर उत्तर न ठरलेल्या ठिकाणी तो पुन्हा विचारतोच.

जुनी फाइल ठेवली की नवी फाइल फेकली जात नाही. ती शेजारीच त्याच नावापुढे ‘.डीपीकेजी-डिस्ट’ लावून पडलेली असते. (नवी घेतली असती तर तुमची जुनी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ नावाने राहिली असती.) महिन्यातून एकदा सेटिंग ठेवणाऱ्या ईटीसी फोल्डरात या शेपटांच्या फाइली शोधा आणि डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) लावून वाचा. कधीकधी सुरक्षेची दुरुस्ती प्रोग्राममध्ये नसते, कॉन्फिगच्या नव्या ओळीत असते. जुनी फाइल कवटाळून बसलात तर पॅकेज नवं दिसतं आणि भोक तसंच राहतं.

अनअटेंडेड-अपग्रेड्स हा माणसाविना अपडेट करणारा तयार प्रोग्राम मात्र याहून शहाणा वागतो. असा प्रश्न येणार हे त्याला आधीच कळतं, आणि ते पॅकेज तो हात न लावता सोडून देतो. लॉगमध्ये नोंद करतो की याला कॉन्फफाइल प्रॉम्प्ट आहे, हाताने अपग्रेड करा. त्यामुळे त्याच्यावर वरचे फोर्सचे पर्याय सिस्टिमभर लादू नका, नाहीतर ही सवय मोडते. ज्या सर्व्हरवर कॉन्फिग गिटमध्ये किंवा ॲन्सिबलमध्ये, म्हणजे वेगळी जपून ठेवलेली, आहे, तिथे लादले तरी चालतं.

सहीची साखळी, आणि ती कुठे तोडली जाते

एपीटीचा भरवसा एका साखळीवर आहे. रिपॉझिटरीच्या मुळाशी इनरिलीज नावाची फाइल, तिच्यावर जीपीजी सही. तिच्या आत पॅकेज-याद्यांचे शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा). प्रत्येक यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजचा, हॅश. वरची सही खरी असेल तर खालचं सगळं आपोआप बांधलेलं. म्हणूनच डेबियनचे मिरर (रिपॉझिटरीची प्रत देणारे सर्व्हर) साध्या एचटीटीपीवर असले तरी चालत आले. अर्थात साखळीतही खोट निघालेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सीव्हीई-२०१९-३४६२ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी उघड झाली. एचटीटीपी रीडायरेक्ट हाताळण्यातल्या चुकीमुळे वाटेत मधेच बसलेल्या हल्लेखोराला आपलं पॅकेज खपवता येत होतं, तेही रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने. तेव्हा आधी रीडायरेक्ट बंद करून मग एपीटी अपडेट करा, असं सांगावं लागलं होतं. तेव्हापासून एचटीटीपीएस मिरर मिळत असेल तर मी तोच घेतो.

पण साखळी बाहेरून तुटते त्यापेक्षा आपणच जास्त तोडतो. तपासायच्या जागा सांगतो.

सोर्सच्या यादीत कुठे ‘ट्रस्टेड=येस’ आहे का बघा. हे असेल तर त्या रिपॉझिटरीसाठी सही बघितलीच जात नाही. मला हे एकदा बिलिंग सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या कागदावर छापलेलं दिसलं होतं, पायरी क्रमांक ३ म्हणून.

मग किल्ल्या. पूर्वी एपीटी-की ॲडने टाकलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी चालायची. म्हणजे एखाद्या टिकलीएवढ्या टूलच्या रिपॉझिटरीची किल्ली चोरीला गेली तर चोर लिनक्सच्या कर्नलवरही (गाभ्यावरही) तिने सही करू शकतो आणि तुमचा सर्व्हर मान डोलावतो. आता ती पद्धत मोडीत निघाली आहे. प्रत्येक बाहेरची किल्ली ईटीसी, एपीटी, कीरिंग्स या फोल्डरात ठेवा आणि त्या सोर्सच्या नोंदीत साइन्ड-बाय लिहून तिला त्याच रिपॉझिटरीपुरती बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण या लेखातलं एकच करायचं असेल तर हे करा.

आणि ‘नो-पबकी’ (किल्ली सापडत नाही) चूक आली की लगेच कीसर्व्हरवरून तो आकडा ओढून घेण्याचा मोह टाळा. आधी त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर किल्ली बदलल्याची घोषणा आहे का, ते बघायचं.

आता एक कडू गोष्ट. सही खरी असली म्हणजे माल चांगला, असं नाही. सही एवढंच सांगते की हे अमुकाकडून आलं आणि वाटेत बदललं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन जरा जास्त वेळ घेतंय असं वाटलं, म्हणून सापडलं. तोवर ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखेत रीतसर सहीसकट पोचली होती. स्टेबल या पक्क्या शाखेत पोचली नव्हती. म्हणून आपोआप अपडेटसाठी माझा नियम साधा: स्टेबल किंवा एलटीएस (उबुंटूची जास्त वर्षं आधार मिळणारी आवृत्ती), आणि त्यातही सिक्युरिटीचीच शाखा.

प्रत्यक्ष मांडणी

उबुंटू सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स बहुधा आधीच असतं. डेबियनवर नसेल तर बसवा. ईटीसी, एपीटी, एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात दोन फाइली बघायच्या. ‘२०ऑटो-अपग्रेड्स’ मध्ये दोन ओळी ‘१’ हव्यात: याद्या रोज आणा, आणि अपग्रेड रोज चालवा. बाकी सगळा कारभार ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मध्ये.

तिथला अलाउड-ओरिजिन्स (डेबियनवर ओरिजिन्स-पॅटर्न) हा भाग नीट वाचा. त्यात जे नाही ते आपोआप अपडेट होत नाही. लोकांना वाटतं की डॉकर, नोड, पोस्टग्रेसच्या प्रकल्पाची स्वतःची रिपॉझिटरी हे सगळं रात्री नवं होतंय. होत नाही. ते तुमच्या हातातच राहतं, आणि माझ्या मते तसंच बरं, पण राहतंय हे माहीत हवं. कॅलेंडरमध्ये महिन्याची एक नोंद टाका.

पॅकेज-ब्लॅकलिस्टमध्ये डेटाबेस टाका. इथली नावं रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना) म्हणून वाचली जातात आणि सुरुवातीपासून जुळवली जातात. नुसतं ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ लिहिलं तर त्याने सुरू होणारी सगळी पॅकेज थांबतील. नेमकं एकच हवं तर शेवटी डॉलरचं चिन्ह.

मग कोरडी तालीम: अनअटेंडेड-अपग्रेड ही कमांड --ड्राय-रन आणि --डीबग लावून चालवा. कुठलं पॅकेज घेणार, कुठलं का सोडणार, सगळं बोलून दाखवतो. दहा मिनिटं बसून वाचा. पहिल्या वेळी प्रत्येक सर्व्हरवर मला काहीतरी नवल सापडलेलं आहे.

घड्याळ

इथे मी ठेच खाल्ली, म्हणून जरा रेंगाळतो. एपीटी-डेली-अपग्रेड नावाचा सिस्टिमडीचा (लिनक्सवरच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) टायमर सकाळी ६ ला लागतो आणि पुढच्या तासाभरात केव्हातरी काम सुरू करतो. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुतेक यूटीसीवर येतात. म्हणजे भारतात ही वेळ साडेअकरा ते साडेबारा. पतसंस्थेचं काउंटर गच्च भरलेलं असतं तेव्हा तुमचा डेटाबेस आणि वेब सर्व्हर अपडेट होत असतो.

साडेअकरा हा आकडा मोठ्या लोकांनाही लागला. ८ मार्च २०२३ ला यूटीसी ६ ते ७ या तासात डेटाडॉग या सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरांवर सिस्टिमडीचं एक सुरक्षा अपडेट आपोआप बसलं. नेटवर्क सांभाळणारी सेवा त्यामुळे रीस्टार्ट झाली आणि तिने कंटेनरांसाठी (वेगळ्या कप्प्यांत चालणारे प्रोग्राम) दुसऱ्या प्रोग्रामने आखलेले नेटवर्कचे मार्ग पुसून टाकले. पॅकेज खरं, सही खरी, अपडेट अधिकृत. तरी हजारो सर्व्हरांचं नेटवर्क एकाच तासात गेलं, तेही वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांच्या वेगवेगळ्या रीजनमध्ये, ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. त्यांना बांधणारी गोष्ट एकच होती, टायमरची वेळ.

म्हणून दोन गोष्टी. टाइमडेटसीटीएलने घड्याळ एशिया, कोलकाता करा, किंवा यूटीसीच ठेवायचं असेल तर डोक्यात साडेपाच तास मिळवायची सवय लावा. नंतर सिस्टिमसीटीएल एडिट करून टायमरची वेळ बदला. तिथे आधी एक रिकामी ‘ऑनकॅलेंडर=’ ओळ द्यावी लागते, मग तुमची. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ जात नाही आणि दिवसातून दोनदा अपडेट चालतं. शेवटी लिस्ट-टायमर्सने खात्री करा.

दुसरी गोष्ट, सगळे सर्व्हर एका रात्री नकोत. माझ्याकडे एक बिनमहत्त्वाचा सर्व्हर रोज अपडेट होतो आणि बाकीचे त्याच्यानंतर चोवीस तासांनी. यात एक फट आहे: मधल्या चोवीस तासांत नवं पॅकेज आलं तर मागच्यांना न तपासलेलं मिळतं. ती बुजवायची तर स्वतःचा गोठवलेला मिरर लागतो. पाच-सात सर्व्हरांसाठी मी तेवढा खटाटोप करत नाही.

रीस्टार्ट

कर्नल नवा बसला तरी जुनाच चालू असतो. व्हार, रन फोल्डरात रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल दिसली की समजायचं. ऑटोमॅटिक-रीबूट मूळचं बंद असतं. चालू कराल तेव्हा वेळ द्या, आणि हेही बघा की ती वेळ अपडेटच्या वेळेनंतर लगेच येते. अपडेट सकाळी आणि रीबूट रात्री दोनला असेल तर मधे दिवसभर अर्धवट अवस्था. डेअरीसाठी आता अपडेट रात्री साडेअकराला आणि रीबूट एकला आहे, संध्याकाळचं संकलन संपलेलं आणि सकाळचं पाच तास लांब. आणखी एक ओळ, ऑटोमॅटिक-रीबूट-विथ-यूजर्स. ती मुळात ‘ट्रू’ असते, म्हणजे कुणी लॉगिन असला तरी रीबूट होतो.

त्या दिवशी सर्व्हर चार मिनिटांत परत आला होता. उरलेली छत्तीस मिनिटं गेली कारण डेअरीचा प्रोग्राम मी हाताने सुरू केलेला होता, बूटवेळी सुरू होण्यासाठी एनेबल केलेलाच नव्हता. आपोआप रीबूट चालू करण्याआधी एकदा स्वतः, दिवसाउजेडी, रीबूट करून बघा की सगळं हात न लावता उठतंय.

नीडरीस्टार्टही अपडेटमधून सुटलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने दाखवलं की त्यातच २०१४ पासून साध्या वापरकर्त्याला रूट बनवणारं भोक होतं.

शांतता म्हणजे काय

लॉग व्हार, लॉग, अनअटेंडेड-अपग्रेड्स या फोल्डरात. त्यात ‘आपोआप अपग्रेड करण्यासारखं काही सापडलं नाही’ अशी ओळ आली की आपण खूश. तिचे अर्थ दोन असू शकतात. खरंच काही नाही, किंवा आता कधीच येणार नाही. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, पण त्या सर्व्हरवरचा टायमर अजूनही रोज इमाने चालतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये याचा वेगळाच नमुना दिसला. डेबियन ११ आलं आणि डेबियन १० ‘स्टेबल’वरून ‘ओल्डस्टेबल’ झालं. एपीटीने ते नाव बदललेलं पाहून म्हटलं, हे आधी माणसाने मान्य करावं. मागणी योग्यच, पण माणूस नव्हता. याद्या येणं थांबलं आणि कित्येकांना आठवडाभर पत्ता नव्हता.

शिवाय याद्या आणणारा ‘एपीटी-गेट अपडेट’ नेट तुटलं तरी ‘काही याद्या मिळाल्या नाहीत, जुन्या वापरल्या’ एवढी कुरकुर करून यशस्वी झाल्याचा कोड देतो. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये नव्या एपीटीवर --एरर-ऑन=एनी लावा, म्हणजे तो खरोखर नापास होतो.

मेलचा अहवाल ‘फक्त चूक झाली तर’ असा ठेवू नका. मेलच बंद पडली तर तीही शांतताच. मी बदल झाला की मेल असं ठेवलंय, आणि वेगळा पाच ओळींचा क्रॉन: याद्या शेवटच्या कधी यशस्वी आल्या ती तारीख बघतो, तीन दिवसांहून जुनी असेल तर फोनवर मेसेज. नसेल तर सर्व्हरकडून रोज ‘ठीक आहे’ येतं, आणि ते न येणं हीच तक्रार.

डेअरीतला तो पीसी

क्लाउडचं झालं. केंद्रावर काट्याशेजारी जो जुना पीसी आहे त्याचं वेगळं. तो रात्री बंद असतो. टायमर ‘पर्सिस्टंट’ असल्याने राहिलेलं काम बूट होताच सुरू करतो, आणि त्याच वेळी कुणी काही बसवायला गेलं तर ‘डीपीकेजीचं कुलूप मिळालं नाही’. कुलपाची फाइल पुसू नका. थांबा, किंवा लॉक-टाइमआउट वाढवा.

दुसरी कटकट: ‘रिलीज फाइल अजून ७ तास वैध नाही’. पोरगा म्हणाला, “दादा, फाइल उद्याची हाय का?” उद्याची नव्हती, पीसी कालचा होता. मदरबोर्डवरचा सेल गेलेला, त्यामुळे बंद पडल्यावर घड्याळ आदल्या रात्रीवर अडकायचं, आणि नेट लागून वेळ जुळायच्या आत एपीटी धावायचा. यावर इंटरनेटवर मिळणारा उपाय म्हणजे तारखेची तपासणीच बंद करणारी ओळ. ती टाकली तर कुणीही तुम्हाला महिन्यांपूर्वीची, भोकं असलेली यादी खरी सही दाखवून देऊ शकतो. त्यापेक्षा तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे सीआर-२०३२ मिळतो. कॅबिनेट उघडा, सेल बदला, बायोसमध्ये तारीख घाला, आणि आत जमलेला भुसा आहे तो झटकून घ्या.